गोळीबार आपल्या शहरांत होतोय: उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या सर्व मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि कार्यकारिणी सदस्य,

सप्रेम नमस्कार.

७ जानेवारी २०२६ रोजी मिनियापोलिसमध्ये ‘आइस’च्या, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या, एका अधिकाऱ्याने ३७ वर्षांच्या एका बाईला तिच्याच गाडीत गोळ्या घालून मारलं. ती अमेरिकन नागरिक होती, तीन मुलांची आई होती. २४ जानेवारीला त्याच शहरात बॉर्डर पेट्रोलच्या, म्हणजे केंद्राच्या सीमा-गस्त दलाच्या, माणसांनी आणखी एकाचा जीव घेतला. तोही ३७ वर्षांचा, तोही नागरिक, माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात आयसीयूत काम करणारा नर्स. या दोन मृत्यूंच्या मधे, १४ तारखेला, त्याच शहरात एका व्हेनेझुएलन माणसाच्या पायात गोळी घातली गेली. त्या दिवशी संक्रांत होती. देशभरातल्या मंडळांचे तिळगुळाचे निरोप माझ्या फोनवर येत होते. हळदीकुंकवाची आमंत्रणं होती, नाटकाच्या तिकिटांची आठवण होती. या गोळीबारांबद्दल मात्र एकाही मंडळाची एक ओळ माझ्या वाचनात आली नाही. मिनेसोटात मराठी माणसं राहतात, त्यांची मुलं त्या शाळांत जातात. तुम्ही ठीक आहात का, एवढंसुद्धा कुणी जाहीरपणे विचारल्याचं मला दिसलं नाही.

हे पत्र मी वॉशिंग्टनला न लिहिता तुम्हाला लिहितेय, त्याला कारण आहे. माझ्यासारख्या एकटीच्या ईमेलला खासदाराच्या कार्यालयातून ठरावीक उत्तर येतं. हजार कुटुंबांच्या मंडळाचं पत्र गेलं तर तिथला कर्मचारी ते बाजूला काढून ठेवतो. गणेशोत्सवाला आपण महापौरांना बोलावतो, आमदारांना शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो. ही ओळख नुसती फोटोपुरती ठेवायची की वेळेला कामी आणायची, हे तुमच्या हातात आहे.

जानेवारीत एका मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी मिनियापोलिसची बातमी टाकली. दहा मिनिटांत ती काढून टाकली गेली आणि खाली निरोप आला: ‘कृपया राजकारण नको, आपण सांस्कृतिक संस्था आहोत.’ बहुतेक ठिकाणी असंच होत असणार. कार्यकारिणीतली माणसं घाबरट असतात असं मला म्हणायचं नाही. आपापली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी हॉलमध्ये खुर्च्या मांडणारी ही माणसं आहेत, आणि मंडळाला झळ लागू नये ही त्यांची काळजी खरी आहे. पण एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. ना-नफा संस्था म्हणून मिळणारी करसवलत जाईल, असं कारण नेहमी पुढे केलं जातं. कायद्याने मनाई आहे ती निवडणुकीत एखाद्या उमेदवाराचा प्रचार किंवा विरोध करायला. सार्वजनिक प्रश्नावर बोलायला, सभासदांना त्यांचे हक्क समजावून सांगायला मनाई नाही. लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणंही मर्यादेत राहून करता येतं. मंडळातल्याच एखाद्या वकील सभासदाला विचारा, तोही हेच सांगेल.

दुसरं कारण कुणी लिहीत नाही, पण पॉटलकला जेवताना हमखास कानावर येतं: ‘आपल्याला काय होणार? आपली कागदपत्रं चोख आहेत.’

ज्या दोघांचा जीव गेला त्यांची कागदपत्रं आपल्यापेक्षा चोख होती. ती इथेच जन्मलेली माणसं होती. ४ ऑक्टोबर २०२५ ला शिकागोच्या ब्राइटन पार्क भागात बॉर्डर पेट्रोलच्या अधिकाऱ्याने एका तरुणीवर पाच गोळ्या झाडल्या. तीही नागरिक होती. ती वाचली. तिने अधिकाऱ्यांच्या अंगावर गाडी घातली असं सरकारने सांगितलं आणि रुग्णालयातून बाहेर पडताच तिच्यावरच खटला भरला. पुढे कोर्टात त्या अधिकाऱ्याने मित्रांना पाठवलेले मेसेज उघड झाले. आपण पाच गोळ्या झाडल्या आणि तिला सात छिद्रं पडली, याची त्यात फुशारकी होती. नोव्हेंबरमध्ये सरकारी वकिलांनी स्वतःहून खटला मागे घेतला. पाच गोळ्यांच्या खुणा अंगावर घेऊन ती आता जगतेय, आणि तिचा गुन्हा काय होता हे सरकारला कोर्टात सांगता आलेलं नाही.

शिवाय तुमची कागदपत्रं एजंट बघणार कधी? तुम्हाला थांबवल्यानंतर. आणि थांबवायचं कुणाला, हे आधी ठरतं. लॉस एंजेलिसमधल्या धरपकडीच्या खटल्यात खालच्या कोर्टाने बजावलं होतं की माणसाचा वंश किंवा वर्ण, त्याचं स्पॅनिश बोलणं किंवा परक्या वळणाचं इंग्रजी, तो उभा आहे ती जागा आणि त्याच्या कामाचा प्रकार, एवढ्यावरून कुणाला अडवता येणार नाही. ८ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली. अशी अडवणूक थोडा वेळच असते आणि नागरिक असल्याचं कळलं की माणसाला सोडून देतात, असं न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी आपल्या टिपणात लिहिलं. परक्या वळणाचं इंग्रजी! वीस-पंचवीस वर्षं इथे राहूनही आपल्यातल्या बहुतेकांचं इंग्रजी तोंड उघडताच ओळखू येतं. अंधारात, हुडी घालून, बर्फ उपसताना आपण इंजिनियर आहोत की रोजंदारीवरचे मजूर, हे लांबून कुणाला कळणार आहे? आणि कळलं, तरी मजुराला गोळी लागलेली चालेल असं त्यातून निघतं. ते मला मान्य नाही. तुम्हालाही नसावं.

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहते. ओहेअर विमानतळाला लागून फ्रँकलिन पार्क नावाचं गाव आहे. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांना घ्यायला जाताना आपण त्याच्या अगदी जवळून जातो. १२ सप्टेंबर २०२५ ला तिथे एका ३८ वर्षांच्या मेक्सिकन बापाला आइसच्या अधिकाऱ्याने गाडीत गोळी घालून मारलं. मुलांना पाळणाघरात आणि शाळेत सोडून तो निघाला होता. त्याने अधिकाऱ्याला गाडीबरोबर फरपटत नेलं, अधिकारी गंभीर जखमी झाला, असं खात्याने जाहीर केलं. आइसच्या त्या माणसांच्या अंगावर बॉडी कॅमेरे नव्हते. गावच्या पोलिसांच्या अंगावर होते. त्या चित्रणात तो अधिकारी स्वतःच सांगताना ऐकू येतो की आपल्याला फारसं काही लागलेलं नाही.

हे मी सविस्तर लिहितेय, कारण दर वेळी पहिल्या तासात जे निवेदन येतं तेच आपल्या ग्रुपवर फिरतं आणि लोकांच्या डोक्यात बसतं. ‘गाडी अंगावर घातली म्हणे.’ मिनियापोलिसच्या बाईबद्दल तेव्हाच्या गृहसुरक्षा मंत्री क्रिस्टी नोएम यांनी त्याच दिवशी ‘देशांतर्गत दहशतवाद’ हा शब्द वापरला. तपास तर सोडाच, पंचनामाही झाला नव्हता. मोठ्या वृत्तपत्रांनी निरनिराळ्या कोनांतून घेतलेले व्हिडिओ जुळवून पाहिले, त्यांत गाडी अधिकाऱ्यापासून दूर वळताना दिसते. त्याच जागी एक माणूस ‘मी डॉक्टर आहे, मला तिला तपासू द्या’ अशी विनवणी करत होता. त्याला पुढे येऊ दिलं नाही. शिकागोतल्या अश्रुधुराच्या खटल्यात न्यायाधीश सारा एलिस यांनी नोंदवलं आहे की बॉर्डर पेट्रोलचे तेव्हाचे कमांडर ग्रेगरी बोव्हिनो, अश्रुधूर सोडण्याआधी आपल्याला दगड लागला, असं खोटं बोलले आणि पुढे ते त्यांनी कबूलही केलं. इतक्या वेळा असं झाल्यावर सरकारी निवेदन आलं की ते लगेच खरं धरायचं, हा शिरस्ता आपण सोडायला हवा. थांबावं, चित्रण मागावं.

गाडीवर गोळी झाडण्याचा हा प्रश्न नवा नाही. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांना १९७२ पासून चालत्या गाडीवर गोळी झाडायला मनाई आहे. गाडीतला माणूस गाडीखेरीज दुसऱ्या शस्त्राने जिवावर उठला असेल, तरच अपवाद. कारण साधं आहे. गोळी लागल्याने गाडी थांबत नाही. ड्रायव्हर मेला की ती कुणाच्याही अंगावर जाते. सरहद्दीवरच्या यंत्रणेने स्वतःच बाहेरच्या पोलीस तज्ज्ञांकडून आपल्या ६७ गोळीबारांची तपासणी करून घेतली होती. २०१३ मध्ये तयार झालेल्या त्या अहवालात तज्ज्ञांनी संशय व्यक्त केला की काही एजंट मुद्दाम पळणाऱ्या गाडीच्या वाटेत उभे राहतात आणि मग जिवाला धोका होता म्हणून गोळी झाडतात. यंत्रणेने तो अहवाल दडवून ठेवला. २०१४ मध्ये वृत्तपत्राने फोडल्यावर तो लोकांपुढे आला. म्हणजे रोग कोणता आणि औषध कोणतं, हे सरकारला २०१३ पासून ठाऊक आहे. फरक एवढाच की तेव्हा हे सीमेवरच्या वाळवंटात होत होतं, आता ते शाळेच्या आणि किराणा दुकानाच्या रस्त्यावर आलंय.

आणि त्याला पैसा कमी नाही. जुलै २०२५ च्या कायद्याने आइसला सुमारे ७५ अब्ज डॉलर जादा मिळाले आणि दहा हजार नवे अधिकारी भरायचं ठरलं. भरतीचा वेग वाढवायला प्रशिक्षणाचा काळ कमी केला गेला. नवखा माणूस, हातात भरलेली बंदूक, तोंडावर मास्क, गाडीवर कुठलीही खूण नाही, आणि समोर घाबरलेला ड्रायव्हर.

चूक झाली तर दाद कुठे मागायची? गावच्या पोलिसाने हक्क मोडला तर त्याच्यावर व्यक्तिशः दावा लावायला कायदा आहे. केंद्राच्या अधिकाऱ्यावर तसा दावा करता येण्याजोगा कायदा संसदेने केलेला नाही. सुप्रीम कोर्टाने १९७१ मध्ये एक वाट काढून दिली होती, ती त्याच कोर्टाने हळूहळू बुजवत आणली. २०१० मध्ये सीमेवरच्या एजंटने पलीकडे मेक्सिकोत असलेल्या १५ वर्षांच्या मुलाला गोळी घातली. त्याच्या आईवडिलांचा दावा २०२० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. २०२२ च्या निकालाने ती वाट जवळपास बंदच झाली. उरतो तो राज्याचा तपास आणि राज्याचा खटला. पण मिनियापोलिसमध्ये ७ जानेवारीच्या गोळीबाराच्या तपासातून मिनेसोटा राज्याच्या तपास यंत्रणेला केंद्राने बाहेर ठेवलं, पुरावे बघू दिले नाहीत. आपल्याकडे पोलीस कोठडीत माणूस दगावला की मॅजिस्ट्रेटची चौकशी व्हावी म्हणून आपण आग्रह धरतो. इथे तर खातं आपल्याच माणसाची चौकशी आपणच करतंय.

याचा शेजारपाजारावर काय परिणाम होतो, ते मी गेल्या हिवाळ्यात इथे पाहिलं. लोकांच्या गळ्यात शिट्ट्या आल्या. तुटक शिट्ट्या वाजल्या की एजंट जवळपास आहेत, लांब शिट्टी म्हणजे कुणाला तरी धरलंय. शाळा सुटायच्या वेळी आयाबाया शिट्ट्या घेऊन कोपऱ्यावर उभ्या राहायच्या. ज्या दुकानातून आम्ही कोथिंबीर-मिरच्या घेतो तिथल्या बाईने दाराला कडी लावून ठेवली होती. ओळखीचा चेहरा दिसला की आत घ्यायची. मिनियापोलिसच्या सार्वजनिक शाळा ७ जानेवारीनंतर दोन दिवस बंद ठेवाव्या लागल्या आणि पुढे घरून शिकायची सोय करावी लागली. दवाखान्याच्या वेळा लोक चुकवतात. चोरी झाली, अपघात झाला, तरी ९११ ला फोन करत नाहीत, कारण येणारी गाडी कुणाची असेल याची खात्री नसते.

मिनेसोटात या भीतीला आणखी एक कारण आहे. जून २०२५ मध्ये पोलिसाचा वेश केलेल्या माणसाने ब्रुकलिन पार्कमध्ये आमदार मेलिसा हॉर्टमन आणि त्यांच्या पतीचा घरात घुसून खून केला. सहाच महिन्यांनी तिथल्या लोकांच्या दारांवर मास्कवाले, बिननावाचे, बंदूकधारी लोक थापा मारू लागले. दार उघडणाऱ्याने काय समजायचं? सरकारी माणूस आणि दरोडेखोर यांच्यातला फरक डोळ्यांना दिसत नसेल, तर दोघांच्याही समोर माणूस घाबरून पळणार, आणि पळाला म्हणून गोळी खाणार.

हे आपल्या घरातलंही आहे. एच-फोर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या, व्हिसावर आलेली, नवऱ्याचा मार खाणारी मराठी मुलगी पोलिसांना फोन करायला आधीच धजत नाही. ‘फोन केलास तर तुलाच परत पाठवतील’ ही धमकी आपल्याच समाजात दिली जाते, मी ती ऐकलेली आहे. आता रस्त्यावर जे चाललंय त्याने त्या नवऱ्याच्या हातात आयतं कोलीत मिळालं. आणि ज्यांची कागदपत्रं नाहीत असे मराठी लोक नसतातच, हाही भ्रम आहे. ५ फेब्रुवारी २०२५ ला लष्करी विमानाने १०४ भारतीय हातापायांत बेड्या घालून अमृतसरला उतरवले, त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. त्यांच्यापैकी कुणी आपल्या गणपतीच्या महाप्रसादाला येऊन जेवून गेलं असेल, तर आपल्याला कधी कळलंही नसेल.

माझी आई दर उन्हाळ्यात साताऱ्याहून येते. पंजाबी ड्रेस, पायात नातवाचे जुने बूट, डोक्याला स्कार्फ, अशी सकाळी सहाला फिरायला निघते. लोकांच्या अंगणातली फुलं बघत थांबणं हा तिचा छंद. गेल्या वेळी मी तिच्या गळ्यात एक प्लास्टिकचं पाकीट अडकवलं: पासपोर्टची प्रत, आय-९४ ची, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीची, प्रिंट, मोठ्या अक्षरांत माझा नंबर. कुणी ओरडलं तर पळायचं नाही, हात खिशात घालायचे नाहीत, पाकीट स्वतः काढायचं नाही, हे तिच्याकडून पाठ करून घेतलं. ती म्हणाली, “मग गळ्यात अडकवलंस कशाला, काढायचंच नाही तर?” मला उत्तर देता आलं नाही. २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात गुजरातहून नातवाला बघायला आलेले ५७ वर्षांचे एक आजोबा असेच सकाळी फिरत होते. इंग्रजी येत नव्हतं. गावच्या पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं, त्यांच्या मणक्याला इजा झाली, शरीर अंशतः लुळं पडलं. त्या पोलिसाला शिक्षा झाली नाही. तिथे बंदूक निघाली नव्हती, आणि तो पोलीस मास्क घालून आलेला नव्हता.

मंडळांत निरनिराळ्या मतांची माणसं आहेत हे मला ठाऊक आहे. बेकायदा येणाऱ्यांना परत पाठवावं असं मानणारे माझे जवळचे मित्र आहेत. देशाला सीमा असतात, कायदा राबवावा लागतो, हे मलाही मान्य आहे. ग्रीन कार्डाच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्यांचा राग मला समजतो. एजंटांवरही हल्ले झाले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये डॅलसच्या आइस कार्यालयावर एकाने गोळीबार केला आणि त्यात मेले ते तिथे पकडून आणलेले स्थलांतरित. त्याचा निषेध मी इथेच करते. पण व्हिसाची मुदत संपून राहणं हा या देशात दिवाणी स्वरूपाचा भंग आहे. त्याची शिक्षा मृत्युदंड नाही, आणि रस्त्यावर उभं राहून फोनवर चित्रण करण्याची तर नाहीच. सीमा किती कडक असावी यावर आपण हवं तितकं भांडू. बंदूक चालवणाऱ्याचा चेहरा दिसावा, त्याच्या अंगावर कॅमेरा असावा, गोळी सुटली की बाहेरच्या यंत्रणेने तपास करावा, एवढ्यावर भांडण्यासारखं काही मला दिसत नाही.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे ते असं. येत्या दोन महिन्यांत प्रत्येक मंडळाने इमिग्रेशनच्या वकिलाला बोलावून मराठीतून एक सत्र घ्यावं, आणि त्यात आलेल्या आईवडिलांना पुढच्या रांगेत बसवावं. अडवलं तर काय बोलायचं, घराचं दार उघडण्याआधी न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट कसं मागायचं, चित्रण करताना किती अंतर ठेवायचं, अठरा वर्षांवरच्या बिगर-नागरिकाने कोणती कागदपत्रं जवळ बाळगायची, हे सगळं त्यात यावं. गाडी शिकणाऱ्या मुलांसाठी ते वेगळं घ्यावं. त्यांची भीती निराळी आहे आणि आपल्यासमोर ती बोलत नाहीत. रात्री-अपरात्री कुणाला अडवलं तर फोन कुणी उचलायचा, याची स्वयंसेवकांची यादी असावी. कोविडच्या काळात आपण औषधं आणि डबे पोचवायला अशा याद्या केल्या होत्या, त्या कुणाच्या तरी लॅपटॉपवर अजून असतील.

आणि आपापल्या खासदाराला मंडळाच्या लेटरहेडवर एक पत्र जावं. त्यात चारच गोष्टी मागाव्यात: चालत्या गाडीवर गोळी झाडायला न्यूयॉर्कच्या धर्तीवर स्पष्ट बंदी, प्रत्येक एजंटला बॉडी कॅमेरा आणि दिसेल असा ओळख क्रमांक, गोळीबार झाल्यावर राज्याच्या यंत्रणेला पुराव्यांपर्यंत पोचू देण्याची सक्ती, आणि केंद्राच्या अधिकाऱ्यावर नागरी दावा करता येईल असा कायदा. इलिनॉय राज्याने डिसेंबर २०२५ मध्ये आपल्यापुरता असा कायदा केला आहे, त्याचा दाखला देता येईल. कार्यकारिणीत एकमत होत नसेल तर सभासदांचं मतदान घ्या. ठराव पडला तर पडू दे, पण ग्रुपवरून पुसून टाकू नका.

पत्राचा इंग्रजी मसुदा आणि हक्कांच्या माहितीचं मराठी पत्रक मी तयार केलं आहे. ज्या मंडळाला हवं असेल त्याला पाठवते. आमच्या मंडळाची कार्यकारिणीची बैठक पुढच्या शनिवारी आहे. हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असा लेखी अर्ज मी सचिवांना दिला आहे.

आपली नम्र,
शिकागोच्या उपनगरातली एक आजीव सभासद